गोवा, पण गणपतीपुळ्यापर्यंत

सगळा घोळ त्या फ्लेक्समुळे झाला. फ्लेक्स नसता तर आम्ही दापोलीतच गाशा गुंडाळून गुपचूप घरी आलो असतो आणि कुणी विचारलं असतं तर भाचीच्या साखरपुड्याला गेलो होतो म्हणून सांगितलं असतं. पण आमच्या सोसायटीत उत्साही मंडळी फार. निघायच्या आदल्या रात्री गेटवर हा एवढा मोठा फ्लेक्स, ‘पुणे ते गोवा सागरी मार्गाने सायकल मोहीम, हार्दिक शुभेच्छा’, खाली आमचे तिघांचे फोटो, त्यातला माझा बहुतेक आधार कार्डावरून उचललेला कारण चेहऱ्यावर मोहिमेला निघाल्यापेक्षा नुकतीच अटक झाल्याचे भाव जास्त होते. पहाटे ५ ला औक्षण, सायकलच्या चाकाखाली लिंबू, हँडलला हार. एवढं सगळं झाल्यावर माणसाने एकतर गोव्याला पोचावं नाहीतर पेपरात यावं.

आम्ही तिघं म्हणजे मी, वय ६८, मग मॅनेजर, वय ६६, बँकेतून रिटायर झालाय पण अजून कुठेही गेला तरी आधी खुर्ची कुठंय बघतो, आणि सर, वय ७१, आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. बेरीज २०५. ही बेरीज मॅनेजरनेच केली आणि फ्लेक्सवर पण टाकायला लावली, ‘एकूण वय २०५ वर्षे’, ते वाचून आमची बायको म्हणाली की हे कौतुक आहे का इशारा.

आता नकाशात बघितलं तर सागरी मार्ग फार गोंडस दिसतो. डावीकडे नारळ, उजवीकडे समुद्र, मधून आपण शिट्टी वाजवत. साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, १० दिवस, म्हणजे रोजचे पासष्ट, त्यात काय एवढं. पण नकाशा सपाट कागदावर छापतात हे आमच्यातल्या फिजिक्सवाल्याच्या पण लक्षात आलं नाही. कोकणातला रस्ता म्हणजे खाडीत उतरा, तरीत बसा, पलीकडे उतरा की लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर चढा, सडा संपला की पुन्हा पुढच्या खाडीत उतरा. बागमांडल्याहून वेश्वीला तसंच, दाभोळहून धोपाव्याला तसंच. उतारावर जे काय कमावलं ते समोरचा चढ व्याजासकट वसूल करतो (हे वाक्य मॅनेजरचं, त्याने आयुष्यात दुसऱ्यांकडून वसूल केलेलं, आता त्याच्याकडून चाललं होतं).

सायकलच्या सगळ्यात हलक्या गिअरला सायकलवाले ग्रॅनी गिअर म्हणतात, आमचे सर त्याला आजी म्हणतात. पहिल्या दिवशी ताम्हिणीच्या रस्त्याला मी ठरवलं होतं की आजीला त्रास द्यायचा नाही. मुळशीचं पाणी दिसायच्या आत आजीला हाक मारली, ती पाचही दिवस मग खाली उतरलीच नाही. आजीवर पाय भराभरा फिरतात आणि सायकल जागेवरच असते. केळशीच्या पुढे एका चढावर एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालत आमच्या मागून आली, आमच्या बरोबर आली, आणि आमच्या पुढे गेली. जाताना एकदा वळून बघितलं तिने, काही बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं.

माझ्या मनगटावर मुलाने दिलेलं घड्याळ आहे ते हृदयाचे ठोके दाखवतं. २२० वजा वय हा जो हिशोब सगळे सांगतात त्याप्रमाणे माझी वरची मर्यादा १५२, आणि मी कितीही धापा टाकल्या तरी घड्याळ ११८ च्या वर जाईना. मला वाटलं आपण मूळचेच खेळाडू, उगाच आयुष्य ऑफिसात घालवलं. दापोलीत रात्री डॉक्टरना कौतुकाने फोन केला तर ते म्हणाले, अहो ती बीपीची गोळी ठोके वाढूच देत नाही, तुम्ही घड्याळाकडे बघू नका, धाप लागली की थांबा. म्हणजे तीन दिवस मी ज्याच्यावर खुश होतो ते सगळं श्रेय गोळीचं.

दापोलीपासूनच तिघांच्याही मनात आलेलं होतं, हे मला आता कळतंय. पण बोलायचं कुणी. मॅनेजर सकाळी म्हणायचा, “सर, तुमच्या डोळ्याचं काय, मोतीबिंदूचं ऑपरेशन आत्ताच झालंय, संध्याकाळी समोरून गाडी आली की त्रास होत असेल ना, तुमच्यासाठी म्हणून विचारतो.” सर म्हणायचे मला काही नाही, पण तुमच्या गुडघ्याचा कट कट आवाज मागेपर्यंत येतो, तुमच्यासाठी थांबायचं असेल तर माझी हरकत नाही. मग दोघं माझ्याकडे बघायचे, कारण माझ्या छातीत तीन वर्षांपूर्वी स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवलेली आहे, आणि मी म्हणायचो छे छे, मी ठणठणीत, तुम्ही दोघं म्हणत असाल तर. असं तिघं एकमेकांसाठी थांबायला तयार आणि स्वतःसाठी कुणीच नाही, आणि तसेच पुढे चाललो होतो, पाठीमागे फ्लेक्स.

पाचव्या दिवशी गुहागरहून निघालो. वेळणेश्वर, हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन, तोवर झकास. मग तवसाळच्या जेट्टीकडे उतार लागला. माझ्या मागच्या कॅरिअरला १२ किलो सामान, त्यातलं निम्मं औषधं आणि निम्मं बायकोने दिलेला चिवडा, आणि सकाळपासून हँडल धरून बोटं बधिर झालेली. मी ब्रेक दाबत होतो, म्हणजे मला वाटत होतं मी दाबतोय, बोटांना काही निरोप पोचला नव्हता. वळणावर समोर एसटी. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मी पण तोंडाने दिला, आणि एसटीची बाजू आणि जांभ्या दगडाचा बांध याच्यामधून कसा गेलो ते मला माहीत नाही, मी डोळे मिटले होते. थांबलो तो खूप पुढे जाऊन एका आंब्याच्या सावलीला, आणि थांबलो म्हणजे सायकल थांबली.

सर मागून आले, उतरले, आणि माणूस काय करेल, पाणी देईल, पाठीवर हात ठेवेल, तर यांनी काठी घेऊन मातीत आकडेमोड सुरू केली. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ब्रेक दाबायचं डोक्यात येऊन हात हलेपर्यंत तुला दीड सेकंद लागला असं धरू, म्हणजे १५ मीटर तू नुसताच गेलास. त्याच्यापुढे ब्रेकचं अंतर, ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, वेग दुप्पट झाला की ते चौपट. मी म्हटलं सर, मला चक्कर येतीये. ते म्हणाले दीड सेकंद मी कमीच धरलाय.

तरी पण मी तिथे काही बोललो नाही. जेट्टीवर पोचलो, फेरीबोट लागायची होती, मासळीच्या पाट्या घेऊन चारपाच बायका बसलेल्या. आणि तिथे, सपाट जागेवर, वेग शून्य, मी सायकलवरून एक पाय खाली टेकवायला गेलो तो शेवाळावर. एवढ्या मोठ्या उतारावर पडलो नाही आणि उभा असताना पडलो. सावकाश पडलो, म्हणजे पडताना मला सगळं दिसत होतं, मॅनेजरचा ‘अरे अरे’ पण पूर्ण ऐकू आला. एक बाई उठून आली, “आजोबा, जास्त लागलंय काय?” मी म्हटलं नाही नाही, खरचटलंय. सवयीने काका ऐकायची तयारी होती, आजोबा जास्त लागलं.

खरचटलं होतंच फक्त, कोपराला. पण ते थांबेना. स्प्रिंग बसवल्यापासून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, दाढी करताना कापलं तरी अर्धा पेपर वाचून होतो तोवर वाहतं. रुमाल भिजला, मॅनेजरचा रुमाल भिजला, सरांनी उपरणं काढलं. जयगडला उतरलो, मालगुंड गेलं, गणपतीपुळ्याला लॉजवर पोचलो तर पट्टीतून अजून लाल दिसतंच होतं. डॉक्टरांचं जुनं वाक्य तेव्हा आठवलं, या गोळ्या चालू असताना डोक्याला मार बसला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी सरळ हॉस्पिटलला यायचं. मी बसल्या बसल्या हिशोब केला की आज कोपराच्या जागी डोकं असतं तर त्या जेट्टीवरून सरळ म्हणजे कुठे आणि किती वेळात. हेल्मेट होतं डोक्याला, पण हेल्मेट घालून पण मी तेवढाच म्हातारा होतो.

जेवायला बसलो. उकडीचे मोदक होते पानात, कुणी हात लावेना, ही आमच्याबाबतीत गंभीर गोष्ट आहे. शेवटी मीच म्हटलं, “मी थांबतो. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. मला भीती वाटली आज.” बोलून गेलो आणि पानाकडे बघत बसलो, आता हे दोघं काय म्हणतात.

तर मॅनेजरने एक मोदक अख्खा तोंडात घातला आणि तसाच बोलला की टेम्पो उद्या दुपारी रत्नागिरीहून निघतो, नारळाची पोती घेऊन मार्केट यार्डला, तीन सायकलींना जागा आहे, मी परवा दापोलीतून सहज बोलून ठेवलं होतं. सहज! आणि सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, रत्नागिरी ते पुणे एसटीच्या वेळा, मोठ्या अक्षरात, कारण ऑपरेशन झालंय. कागद घड्यांवर फाटायला आलेला होता, म्हणजे किती दिवस खिशात होता कुणास ठाऊक. त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून एकवीस मोदक खाल्ले.

आता घरी सांगायचं. मी मनात भाषण तयार केलं होतं, हा पराभव नाही, डोंगर चढणारे पण शिखराच्या खालून परत फिरतात, वगैरे. फोन लावला, म्हटलं अगं ऐक, आम्ही असं ठरवलंय की. ती म्हणाली, “टेम्पो आहे ना? मग आमसुलं आणा दोन किलो, फणसपोळी आणा आणि आगळाच्या चार बाटल्या. अहो, बाटल्या नीट बांधून घ्या.” मी म्हटलं तुला टेम्पोचं कसं कळलं. तर मॅनेजरने परवाच त्याच्या बायकोला सांगितलं होतं. म्हणजे अख्ख्या सोसायटीच्या बायकांना दापोलीपासून माहीत, अंधारात फक्त मी आणि तो फ्लेक्स.

सकाळी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी गाठली. तिथला चढ मी उतरून, सायकल हातात धरून चढलो आणि पाच दिवसात पहिल्यांदा उजवीकडचा समुद्र नीट बघितला. टेम्पोवाला पोरगा तिशीतला, सायकली पोत्यांवर चढवताना म्हणाला, आजोबा, नातवाची का? मी म्हटलं हो. कशाला उगाच.

आम्ही एसटीने कोल्हापूरमार्गे रात्री उशिरा पोचलो, मुद्दाम उशिरा. रिक्षा गेटच्या अलीकडेच सोडली. फ्लेक्सवर लाइट मारलेला होता, इतके दिवस कुणी बंद केला नव्हता. वॉचमन उठून उभा राहिला, “काका, गोवा झालं पण?” मॅनेजर म्हणाला तू झोप.

टेम्पो सकाळी आला, सायकली उतरवल्या, बाटल्या शाबूत. तेवढ्यात माझा फोन वाजायला लागला, वाजतच राहिला. मी आरे-वारेला सायकलच्या हँडलवरचं जीपीएसचं मीटर चालू केलेलं, ते रत्नागिरीत बंद करायचं राहिलं आणि ते तसंच नारळांबरोबर आंबा घाट चढून पुण्याला आलं. घरच्या वायफायला लागल्याबरोबर त्याने आपणहून राइड चढवली, एका दिवसात साडेतीनशेच्या वर किलोमीटर, घाटात सुद्धा तिशीच्या खाली स्पीड नाही. सायकलवाल्या पोरांच्या ग्रुपवर ४३ अंगठे आले, एकाने लिहिलं काका तुम्ही काय खाता. दुपारपर्यंत फ्लेक्सच्या खाली कुणीतरी हार घालून गेलं.

मी ती राइड डिलीट करणार आहे. बायको रोज विचारते केली का.