२१ दिवसांत १५ किलो? आधी हिशोब तरी करू या

आमच्या नात्यागोत्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. मला तो आत्तापर्यंत सहा जणांनी पाठवलाय, त्यात दोन मामा आणि एक शाळेतल्या बाई. मजकूर थोडक्यात असा: “जिम नको, औषध नको, २१ दिवसांत १५ किलो वजन घटवा. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात मध-लिंबू, चरबी वितळते. भात, बटाटा, केळी कायमची बंद. रात्रीचं जेवण बंद. पोटाला पट्टा बांधून दोन तास घाम निघेपर्यंत चाला. २१ दिवसांत सवय लागते, एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. उंचीतून १०० वजा करा, तेवढ्या वजनावर या. एकदा उतरलेलं वजन परत येत नाही. ज्याला जमत नाही त्याच्यात इच्छाशक्ती नाही.”

मी एरवी अशा मेसेजांच्या वाटेला जात नाही. पण हा माझ्या दादाने मनावर घेतला. दादा साखर कारखान्यात हिशोबाच्या टेबलावर बसतो, वजन तेव्हा ११२ किलो, मधुमेहाची गोळी चालू. नवव्या रात्री दोनच्या सुमारास वहिनीला जाग आली तेव्हा तो घामाने डबडबलेला, हात थरथरतायत, शब्द नीट फुटत नाहीत. घरात ग्लुकोमीटर होता म्हणून बरं. साखर ५४, म्हणजे धोक्याइतकी कमी. वहिनीने पाण्यात साखर ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी तो माणसात आला. त्या रात्रीमुळे हे लिहायला बसले आहे.

पहिला दावा आकड्याचाच आहे, म्हणून तो आधी घेऊ. एक किलो शरीरातली चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. १५ किलोच्या झाल्या १,१५,५००. भागिले २१ दिवस, म्हणजे रोजची तूट ५५०० कॅलरी. आता ११० किलोच्या, टेबलावर बसून काम करणाऱ्या माणसाचा दिवसभराचा सगळा खर्च धरला तरी तो २७०० ते ३००० च्या आसपास जातो. म्हणजे दादाने २१ दिवस तोंडात घासही घातला नसता, तरी १५ किलो चरबी उतरली नसती.

मग लोक “माझं पहिल्याच आठवड्यात तीन किलो कमी झालं” म्हणतात ते खोटं असतं का? नाही, काट्यावर ते खरंच दिसतं. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साठवलेली साखर असते, चारशे-पाचशे ग्रॅम. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. जेवण एकदम तोडलं की हा साठा आधी संपतो आणि त्याच्याबरोबर पाणी निघून जातं. दोनेक किलो तिथेच गेले. शिवाय मीठ कमी झालं, पोटात अन्न कमी राहिलं, त्याचाही भार उतरला. दादाचं आठ दिवसांत साडेतीन किलो कमी झालं होतं आणि तो खूश होता. दोन दिवस नीट जेवल्यावर त्यातले अडीच परत आले, आणि तो जो खचला, तो मी पाहिलाय. मेसेज लिहिणाऱ्याने त्याला पाणी दाखवून चरबी म्हणून विकलं होतं.

मध-लिंबाचं फार लांबवत नाही. कोमट पाण्याने चरबी वितळत नाही, ती वापरली गेली तरच जाते. मोठा चमचाभर मधात साधारण ६० कॅलरी असतात आणि मधुमेह्याच्या रक्तात ती साखरच असते. पट्ट्याचंही तसंच. एक लिटर घाम गेला की काटा एक किलो खाली दाखवतो, तांब्याभर पाणी प्यायलात की तो परत वर. उन्हाळ्यात आमच्याकडे सांगलीच्या बाजूला पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा जाड माणसाने पोट आवळून दोन तास चालणं धोक्याचं आहे.

भाताचं मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण या बाबतीत भल्याभल्यांचा गैरसमज आहे. शंभर ग्रॅम कच्चा तांदूळ घ्या, शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ घ्या, दोन्हींत कॅलरी जवळपास सारख्याच, साडेतीनशेच्या आगेमागे. ज्वारीत चोथा जास्त, त्यामुळे भाकरीने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हा तिचा खरा गुण. भाकरी खाणं चांगलंच. पण “भात सोडला” या समाधानात ताटात दुसरं काय वाढतं ते बघा. दादाने भात सोडला आणि त्या जागी दोन चपात्या जास्त खाऊ लागला, दोन्हीकडून तेल लावलेल्या. केळं सोडलं आणि चार वाजता ऑफिसात कागदावरचा फरसाण चालू राहिला, कारण मेसेजात फरसाणाचं नाव नव्हतं. मध्यम केळं शंभर कॅलरीचं, उकडलेला बटाटा शंभर ग्रॅमला ऐंशी-नव्वद, आणि फरसाण शंभर ग्रॅमला पाचशेच्या पुढे.

खरी गोम तेलात आहे, आणि ती कुणाच्या डोळ्यांत येत नाही. मी वहिनीला विचारलं, महिन्याला तेल किती लागतं? “पाच लिटरचा डबा.” माणसं चार. म्हणजे माणशी महिन्याला सव्वा लिटर, दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम, साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या, तुपाची धार आणि शेंगदाण्याचं कूट वेगळंच. आम्ही डब्यावर मार्करने उघडल्याची तारीख लिहायला लागलो. एवढंच केलं. कुठला पदार्थ बंद केला नाही. फोडणीला पळीऐवजी चमचा आला, आमटीवरचा तवंग कमी झाला, चपातीला तेल एका बाजूने. चौथ्या महिन्यात महिन्याचं तेल साडेतीन लिटरवर आलं. माणशी महिन्याला तीन हजार कॅलरी कमी, कागदावर ४०० ग्रॅम चरबी. दिसायला थोडं वाटतं. पण याला उपास लागत नाही, आणि कारखान्यातून दमून आल्यावरही ते आपोआप पाळलं जातं, कारण निर्णय डब्यापाशीच झालेला असतो.

चहाचाही हिशोब असाच. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम आणि २०० कॅलरी. दादा मधुमेही असून “चहा काय, पाणीच तर आहे” म्हणायचा. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला. दोन महिन्यांत जिभेने कुरकुर थांबवली. आता त्याला लग्नातला चहा पाकासारखा लागतो.

“रात्रीचं जेवण बंद” याबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. संध्याकाळी लवकर आणि कमी जेवणं पुष्कळांना मानवतं, त्याला माझा विरोध नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवण तोडलं तर साखर झोपेतच धोक्याच्या खाली जाऊ शकते. दादाच्या बाबतीत तेच झालं. मेसेजात याबद्दल एक ओळ नाही. आपल्याकडे मोठ्या वजनाच्या माणसांत मधुमेह, रक्तदाब किती घरांत असतो हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे तो मेसेज नेमका अशांनाच जातो. भरभर वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते. म्हणून ज्याचं वजन खूप जास्त आहे त्याने पहिलं पाऊल दवाखान्याकडे टाकावं: साखर, रक्तदाब, थायरॉइड, आणि रात्री घोरताना श्वास अडकतो का, हे बघून घ्यावं. स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही वजन वाढवतात, तीही डॉक्टरांसमोर ठेवावीत. काहींना औषधं लागतील, काहींना शस्त्रक्रिया. तो उपचार आहे, त्यात कमीपणा नाही.

आता २१ दिवसांचं. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यातलं “किमान” गळालं, चेहरा गळाला, उरला नुसता आकडा. सवयीवरचं प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी केलं. जेवणाबरोबर फळ, पाण्याचा पेला, थोडं धावणं, असं एकेक काम ९६ जणांनी रोज ठरल्या वेळी करायचं. ते अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं निघालं, कुणाला १८, तर कुणाला २५४. त्यातली मला सगळ्यांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. “चुकला तर पुन्हा पहिल्यापासून” हे म्हणूनच चूक, आणि दुष्टही आहे. बाराव्या दिवशी भाच्याच्या बारशाला जेवलेला माणूस त्या एका ओळीमुळे सगळंच सोडून देतो.

दादाची सुरुवात शेवटी झाली ती रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं चालण्याने. कॉलनीच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत. वहिनी बरोबर. चपला दाराच्या आत, ताटं उचलली की समोर दिसतील अशा. पाऊस असेल तर व्हरांड्यात. दोन तास सांगितले असते तर तिसऱ्या दिवशी गुडघ्यांनी नाही म्हटलं असतं. गुडघेदुखीच्या रुग्णांवरच्या एका अमेरिकन अभ्यासात २००५ मध्ये दिसलं की वजन एक किलोने उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. उलट वाचा: वजन होतं तेव्हा प्रत्येक पाऊल तेवढं जड होतं. ज्या माणसाला तुम्ही आळशी म्हणता तो रोज किती ओझं घेऊन जिना चढतो, याचा विचार करा. दहा मिनिटांची पंधरा व्हायला सहा आठवडे लागले, आता पस्तीस होतात.

उंचीतून १०० वजा करण्याचंही सांगते. दादाची उंची १७० सेंटीमीटर, म्हणजे त्याने थेट ७० वर यायचं. ११२ वरून ७० हा आकडा बघूनच माणूस हात टेकतो. आणि फायद्यासाठी तिथवर जावंच लागतं असं मुळीच नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर लोकांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला लक्ष्य दिलं होतं ७ टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. दादाच्या वजनाचे ७ टक्के म्हणजे आठ किलोसुद्धा नाहीत. उलट बाजूने, काटा “बरोबर” असला म्हणजे सगळं ठीक असंही नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपला आणि इंग्लंडमधल्या सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. चरबी मात्र सहकाऱ्याच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. भारतीय अंगकाठीत चरबी पोटाशी लपते. म्हणून आमच्याकडे काट्याशेजारी शिंप्याची टेपही आहे. पुरुषांनी कंबर ९० सेंटीमीटरच्या आत ठेवावी, बायकांनी ८०.

राहिली इच्छाशक्ती. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी, धडधाकट, स्वतःहून पुढे आलेल्या तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. दिवसाला साधारण १५७० कॅलरी. ती माणसं चिडचिडी झाली, खिन्न झाली, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागली, आणि बंधन उठल्यावर पोट फुटेस्तोवर खात राहिली. मेसेजातला आहार मी मोजला, तो नऊशेच्या पुढे जात नाही. मिनेसोटाच्या तरुणांत इच्छाशक्ती नव्हती असं म्हणायचं का? भूक हा शरीराचा धर्म आहे, तो स्वभावदोष नाही. दादाला लहानपणापासून “ढोल्या” म्हणणाऱ्यांनी त्याचं एक ग्रॅमही वजन कमी केलं नाही. तो चारचौघांत कमी जेवायचा आणि रात्री स्वयंपाकघरात उभ्याने खायचा, ही त्या चिडवण्याची कमाई.

“उतरलेलं वजन परत येत नाही”, हे तर सरळ खोटं आहे. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत ३० आठवड्यांत सरासरी ५८ किलो घटवलेल्या १४ जणांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. त्यातले सरासरी ४१ किलो परत आले होते, आणि त्यांची शरीरं विसाव्यात असताना अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होती. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. वजन उतरलं की शरीर खर्च आखडतं आणि भूक वाढवतं, हे हळू उतरवणाऱ्यालाही चुकत नाही. म्हणून ज्या सवयींनी वजन उतरवायचं त्याच पुढे दहा वर्षं पाळता येतील का, हे पहिल्याच दिवशी विचारावं लागतं.

दादा सोळा महिन्यांत ११२ वरून ९८ वर आलाय. दिवाळीत दोन किलो वाढले होते, ते जायला संक्रांत उजाडली. डॉक्टरांनी गोळीची मात्रा निम्मी केली. गेले सात आठवडे काटा ९८ वरच आहे आणि तो हललेला नाही. दादा दर रविवारी सकाळी वजन करतो, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितो आणि चपला घालतो. या महिन्यापासून चार वाजताच्या फरसाणाऐवजी डब्यात भाजलेले फुटाणे आणि काकडी न्यायचं ठरलंय. पहिल्या आठवड्यात पाचातले तीन दिवस जमलं.