बोळक्यातला चहा

पुण्याच्या मैदानावर क्रिकेटपटू पळवणकर बाळू डावखुरी फिरकी टाकायचे. सामने त्यांच्या जिवावर जिंकले जायचे. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू आत कपबशीतून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या बोळक्यात मिळायचा. कारण जात चांभार. चेंडू मात्र सगळ्यांच्या हातातून फिरत होता, त्याचा विटाळ कुणाला होत नव्हता.

परवा एक मित्र म्हणाला, "खेळाडूंनी आंदोलनं करून काय फरक पडतो रे?" तेव्हापासून हे बोळकं डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

याच बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. तरी धर्मानुसार संघ पाडलेल्या मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. 1920 साली बाळूंना पुन्हा डावललं, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी सरळ संघातून अंग काढून घेतलं. त्यांच्यावाचून संघाचं अडणार होतं, हे निवडणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. अंतिम सामन्याला बाळू उपकर्णधार झाले, भाऊ परत आले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली. सवर्ण पाठीराख्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

मग समाज बदलला का? 1927 ला महाडच्या तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावाच लागला. 1929 ला पुण्यातच पर्वतीच्या देवळासाठीही. क्रिकेटने तळं उघडलं नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या गोष्टीची कालपर्यंत कुणाला लाज वाटत नव्हती, तिची जाहीर लाज वाटायला त्या भावांनी लावली. माझ्या मते हे काम फार मोठं आहे, आणि संघाला नको असलेल्या माणसाकडून ते झालं नसतं.

म्हणूनच 2023 मध्ये दिल्लीत आंदोलनाला बसलेल्या कुस्तीगिरांची लढाई जास्त अवघड. संघात कोण असणार हे कुस्ती महासंघ ठरवतो, आणि तक्रार त्याच महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर, तीही लैंगिक छळाची. अध्यक्षांनी आरोप नाकारले, प्रकरण कोर्टात गेलं. डिसेंबर 2023 मध्ये त्यांचे निकटवर्तीय अध्यक्षपदी निवडून आले, त्याच दिवशी साक्षी मलिकने पत्रकारांसमोर टेबलावर आपले बूट काढून ठेवले आणि कुस्ती सोडली. ऑलिम्पिक पदक जिंकलेली मुलगी! तो फोटो बघताना आजही माझा घसा दाटतो.

हरली का ती? माझी भाची तालमीत जाते. 28 मे 2023 ला जंतरमंतरवर पोलीस कुस्तीगीर विनेश फोगाट आणि साक्षीला फरफटत नेत होते, आणि आम्ही सगळे टीव्हीसमोर गप्प बसलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर ताईने भाचीला जवळ बसवलं आणि विचारलं, "तिकडे कुणी उगाच अंगाला हात लावतं का गं? लावला तर मला सांगशील ना?"

आमच्या घरात हा प्रश्न त्याआधी कुणी कुणाला विचारला नव्हता.