तोंड पाहून टिळा

आज चर्चमधल्या उपासनेहून आले ती रागातच. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, राग काही गेला नाही. म्हणून लिहितेय.

महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. आमच्या मंडळीतला एक मुलगा चोरीच्या गुन्ह्यात दोन वर्षं तुरुंगात काढून आलाय. आईबरोबर येऊन दुसऱ्या बाकावर बसला आणि पाच मिनिटांत तो बाक रिकामा झाला. कुणाला पंख्याखाली बसायचं होतं, कुणाला फोन आला. भाकरीचं ताट पुढे आलं तेव्हा घेऊ की नको, म्हणून तो आईच्या तोंडाकडे बघत होता. बाहेर पडल्यावर एक मामा म्हणाले, "अशांनी निदान वर्षभर तरी मेजापासून लांब राहावं."

आणि आजचा बायबलमधला शास्त्रपाठ होता प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र, दुसरा अध्याय. "देवाजवळ पक्षपात नाही."

माझ्या आजोबांचं गावात धान्याचं दुकान होतं. मंडळीचे वडीलही होते ते, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे पुढारी. दुकानात दोन अधोल्या, म्हणजे धान्य मोजायची मापं, असायच्या, एक शेतकऱ्याकडून ज्वारी घ्यायची, दुसरी गिऱ्हाइकाला द्यायची. दुसरीच्या तळाला आतून बोटभर लाख ओतलेली. एकदा पाहुणे आले, आजीने दुकानातली अधोली घरात आणून रोजच्याइतकंच माप घेतलं आणि भाकरी कमी पडल्या. तिथे ते उघडं पडलं. आजोबा म्हणाले, "सगळेच करतात. सर्वांनी पाप केले आहे, असं शास्त्रच सांगतं ना?"

हे 'सर्वांनी' आपल्याला फार सोयीचं झालंय. स्वतःची वेळ आली की सगळेच पापी, आणि दुसऱ्याची वेळ आली की पापी तो एकटा! पौलाने मुळात उलटं केलंय. पहिल्या अध्यायात तो पापांची यादी देतो. वाचणारा मान डोलवत राहतो, हो हो, ते तसलेच लोक. त्या यादीत खुनाच्या शेजारीच चहाडी आहे, गर्व आहे, आईबापांचं न ऐकणं आहे. आणि दुसरा अध्याय उघडला की बोट थेट वाचणाऱ्याकडे वळतं: दोष लावणाऱ्या माणसा, तूही तेच करतोस. पक्षपातासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्यात 'तोंड' आहे, तोंड पाहून माणूस जवळ करणं. आपल्याकडे तोंड पाहून टिळा लावणं म्हणतात ना, तेच. याकोबाच्या पत्रात तर सरळ बाकांचीच गोष्ट आहे. सोन्याची अंगठी घातलेला आला तर इथे नीट बसा, मळक्या कपड्यातला आला तर तू तिथे उभा राहा.

आपण अजून सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?" विचारतो, म्हणजे आधीची जात. बाप्तिस्मा होऊन पाच पिढ्या झाल्या तरी विचारतो. घ्यायची अधोली वेगळी, द्यायची वेगळी.

हो, ज्याचं चोरीला गेलं त्याचं नुकसान खरंच आहे, आणि उद्या त्या मुलाच्या हातात दानाची पेटी द्या असं मीही म्हणणार नाही. पापाचा बागुलबुवा करून लहान पोरांना घाबरवणारे पाळक मीही पाहिलेत. पण पाप सगळ्यांत आहे, ही शिकवण मला कधी जाचक वाटली नाही. तिच्यामुळेच तर तो मुलगा आणि ते मामा एका रांगेत उभे राहतात. कुणाला वरचा पाट नाही.

इथवर लिहून थांबले होते. एक गोष्ट टाळत होते.

मी त्याच्या मागच्याच बाकावर होते. उठले नाही. पण तो बसला तेव्हा शेजारी ठेवलेली पर्स मी उचलून मांडीवर घेतली. पट्टा मनगटाला गुंडाळला. त्याने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याच्या आईने पाहिलं.

आजीने ती अधोली फेकली नव्हती. चुलीवर तापवून लाख काढली आणि आजोबांना ज्वारीचं पोतं घेऊन ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या दारोदार पाठवलं. ती सांगायची, पहिल्या दारात त्यांना बराच वेळ शब्दच फुटला नाही.

मगाशी त्या मुलाच्या आईला फोन केला. म्हणाली, "ताई, तो म्हणतोय पुढच्या रविवारी नको." उद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जातेय. पर्सचं मीच सांगणार आहे, त्याच्यासमोर.