'पास आउट' झालो म्हणजे चक्कर आली का?

'कॉलेजातून पास आउट झालो असं इंग्रजीत म्हणू नका! पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणे, दुसरा अर्थच नाही. गोरे लोक हसतात!' हा मेसेज घरच्या ग्रुपवर दोनदा आला, मी सोडून दिला. परवा मुलाखतीच्या आदल्या रात्री भाचीने तो वाचून बायोडेटाच बदलायला घेतला, आणि 'मामा, कॉलेजचं नाव तरी लिहू ना?' म्हणून फोन. मग मात्र डोकं फिरलं.

'दुसरा अर्थच नाही' ही शुद्ध थाप. ऑक्सफर्डचा लर्नर्स शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, बघा उघडून. बेशुद्ध पडणे आहेच. पण लष्करी महाविद्यालयातलं प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणे, हाही अर्थ तिथे ब्रिटिश वापर म्हणून दिलाय. खडकवासल्याला एनडीएच्या खेत्रपाल मैदानावर दर सहा महिन्यांनी 'पासिंग आउट परेड' होते. तिथे काय कॅडेट रांगेने चक्कर येऊन पडतात? ब्रिटनमध्ये नवे पोलीस, अग्निशमन दलाचे जवानही अशीच परेड करून रुजू होतात. आपण फौजेतला शब्द कॉलेजात आणला, गुन्हा एवढाच. शिवाय वर्गात कागद वाटणे हेसुद्धा 'पास आउट'च. झाले तीन अर्थ.

बरं, अर्धं खरं आहे तेवढं मान्य करतो. साध्या पदवीसाठी हा प्रयोग भारताबाहेर खटकतो, आणि अमेरिकन माणसाला आधी बेशुद्धीच आठवेल. तिकडे अर्ज करायचा असेल तर 'ग्रॅज्युएटेड' लिहावं. पण इथल्या कंपन्या स्वतःच जाहिरातीत '2024 पासआउट' मागतात. त्यांच्यापुढे कसली लाज?

मेसेजमधलं बाकीचं किरकोळ. फॉर्म 'फिल आउट' करणं म्हणे चूक, 'फिल इन'च बरोबर. पहिलं अमेरिकेत रूढ, दुसरं ब्रिटनमध्ये, कुठलंही लिहा. 'कोप अप विथ' चुकीचं, हे मात्र खरं. तिथे 'अप' नकोच.

आणि शेवटचा मुद्दा: 'फॉर', 'विथ' असल्या शब्दांवर वाक्य संपवू नये. फाउलर नावाच्या इंग्रज कोशकाराने याला 1926 सालीच जिवापाड जपलेली अंधश्रद्धा म्हटलंय. 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?' हे मेसेजवाले कसं विचारतात, तेवढं कळवा.