हंगाम जाहीर झाला की आधी नाक मुरडावं

बॅलेचे दर्दी म्हणून चारचौघांत ओळख व्हावी असं वाटत असेल, तर बॅले बघायची घाई करू नका. ते नंतरचं काम. आधी पुढच्या हंगामाचा कार्यक्रम जाहीर होऊ द्या. लंडनच्या रॉयल बॅलेची यादी साधारण वसंतात येते. ती वरून खाली वाचायची आणि ‘स्वान लेक’पाशी आलं की चष्मा काढून म्हणायचं, “परत हंस!” एवढं पुरतं. नवखा माणूस ‘स्वान लेक’ आहे म्हणून खूश होतो, मुरलेला माणूस ‘स्वान लेक’ आहे म्हणून खचतो. तिकीट दोघंही काढतात.

खचण्याला इतिहासाचा आधार असावा. म्हणून सांगायचं की हा बॅले 1877 साली मॉस्कोत पहिल्यांदा झाला तेव्हा कुणी फारसं डोक्यावर घेतलं नव्हतं. पेतिपा आणि इवानोव्ह या नृत्यरचनाकारांनी 1895 मध्ये पीटर्सबर्गला तो नव्याने बसवला आणि मग तो चालला. पण तोवर त्याचा संगीतकार चायकोव्स्कीला जाऊन वर्ष उलटलं होतं. तेव्हापासून या हंसांना सुट्टी नाही. ऑगस्ट 1991 मध्ये गोर्बाचेव्हना हटवायचा कट झाला, मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे आले, आणि सोव्हिएत दूरदर्शनवर बातम्यांऐवजी ‘स्वान लेक’ लागला. कट तीन दिवसांत फसला, वर्षअखेर देशही उरला नाही. हंस चालू आहेत. काय दाखवावं सुचेनासं झालं की हंस सोडायचे, ही युक्ती एकट्या नाट्यगृहांची नाही, एवढं संचालकाला शिव्या देताना लक्षात असू द्या.

प्रयोगाला गेलातच, तर तिसऱ्या अंकात ओडील, म्हणजे काळी हंसिनी, 32 फुएते घेते, म्हणजे एका पायाच्या टोकावर लागोपाठ 32 गिरक्या. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने 1895 मध्ये त्या घेतल्या आणि पुढच्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसवल्या. या मोजणं हे हौशी प्रेक्षकाचं लक्षण आहे, असं आपण नेहमी म्हणावं. माया प्लिसेत्स्कायासारखी नर्तकी त्या सरळ गाळून रंगमंचाभोवती वेगळ्याच गिरक्या घ्यायची, हेही सांगावं. आणि मग मोजाव्यात. फक्त मोजताना ओठ हलू देऊ नका.

नुसती कुरकुर पुरत नाही, दर्दी माणसाची एखादी मागणीही असावी लागते. ती अशी: तीन छोट्या बॅलेंचा एकत्र प्रयोग जास्त वेळा व्हायला हवा. इंग्लिश नृत्यरचनाकार फ्रेडरिक ॲश्टनचा ‘सिम्फॉनिक व्हेरिएशन्स’ घ्या. 1946 चा, सेझार फ्रांकच्या संगीतावरचा. सहा नर्तक, गोष्ट नाही, राजवाडा नाही, आणि सहाही जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगमंचावर. विंगेत जाऊन श्वास घ्यायचीही सोय नाही. यापेक्षा शुद्ध काही इंग्लंडात झालं नाही, असं तुम्ही ठासून सांगा. ते खरंही आहे. 

आता समजा, संचालकाने ऐकलं आणि असा प्रयोग यादीत घातला. मग जपून वागायला हवं. मंगळवारी असेल तर दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं. शनिवारी असेल तर शनिवार घरच्यांचा. तिकीट महाग असेल तर “एवढ्या छोट्या तीन तुकड्यांना?” असं विचारता येतं, आणि ऐनवेळी स्वस्त झालं तर “खपत नाही म्हणजे काहीतरी बिनसलेलं दिसतंय” असं म्हणून थांबता येतं. पुढच्या वर्षी तो प्रयोग यादीतून गेला की कॉफी पिता पिता म्हणायचं, “धाडसच उरलं नाही हो या लोकांत.” ॲश्टन पोटभर बघायचा तर आता अमेरिकेतल्या फ्लोरिडात, सॅरासोटा नावाच्या समुद्रकाठच्या गावी जावं लागतं, ही माहिती इथे फार उपयोगी पडते. तिथल्या बॅले कंपनीने ॲश्टनची कामं इतकी जपली की 2024 मध्ये ती लंडनला येऊन लंडनकरांना ॲश्टन दाखवून गेली. तुम्ही त्याही वेळी गावाला गेला होतात.

पुढचा धडा भूतकाळाचा. पूर्वी सगळं चांगलं होतं. तुमचा जन्म 1979 नंतरचा, म्हणजे रॉयल बॅलेची लाडकी नर्तकी मार्गो फोंटेन निवृत्त झाल्यानंतरचा असला तरी हरकत नाही. बालगंधर्वांना प्रत्यक्ष ऐकलेले आजोबा महाराष्ट्रात घरटी एक निघतात, तशी फोंटेनला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं लंडनच्या बाल्कनीत दरवर्षी वाढतच चालली आहेत. तुम्हीही आत शिरा, कुणी हुसकावत नाही. युद्धात नाचघर झालेलं कॉव्हेंट गार्डनचं नाट्यगृह 20 फेब्रुवारी 1946 ला ‘स्लीपिंग ब्यूटी’ने पुन्हा उघडलं, कापडावर रेशनिंग होतं, आणि फोंटेन राजकन्या अरोरा होती, एवढं सांगून क्षणभर गप्प बसायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात.

आजच्या मुलींबद्दल बोलताना पायांपासून सुरुवात करा. हल्ली पाय कानाला लागतो. फोंटेनचा जात नसे, आणि तरीही लोक रडायचे. “पाय वर गेला, नाच खाली राहिला” हे वाक्य मी स्वतः बेतलंय, बिनदिक्कत वापरा. वाद्यवृंद फार संथ वाजवतो, किंवा फार जलद, हेही चालतं. कुठलं म्हणायचं ते आधी बोलणाऱ्याने काय म्हटलंय त्यावर ठरवा.

मात्र पूर्वीच्या काळी सगळं कलेसाठी चालायचं, तिकीट खिडकीकडे कुणी बघत नव्हतं, असं सांगत असताना 1965 चा विषय निघाला तर तो चटकन बदला. नृत्यरचनाकार केनेथ मॅकमिलनने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ रचला तो लिन सीमूर आणि क्रिस्टोफर गेबल या तरुण नर्तकांसाठी. पावलांपासून मिठीपर्यंत सगळं त्या दोघांसोबत घडवलेलं. पहिला प्रयोग मात्र फोंटेन आणि नुरेयेव या गाजलेल्या जोडीला गेला, कारण पुढे अमेरिकेचा दौरा होता आणि तिथल्या सॉल ह्युरॉक या ठेकेदाराला खपणारी नावं हवी होती. फोंटेन तेव्हा 45 वर्षांची होती, ज्युलिएट कोवळी पोर. प्रेक्षकांनी 43 वेळा पडदा उघडायला लावला. म्हणजे खिडकीचं खरं ठरलं, प्रयोगही अजरामर झाला, आणि सीमूर आपल्याच भूमिकेसाठी रांगेत उभी राहिली. ही हकीकत तुमच्या बोलण्याच्या सगळ्या बाजू एकदम पाडते. टाळलेली बरी.

भूमिकावाटपाबद्दल मात्र भरपूर बोला. खरं तर बॅले कोणता आहे हे गौण आहे, कोण नाचतंय ते महत्त्वाचं. एकाच ‘जिझेल’चे पाच-सहा संच असतात. दर्दी माणूस निदान तीन बघतो आणि “सगळीकडे तेच तेच” म्हणत चौथ्याचं तिकीट शोधतो. नव्या मुलीला पहिली मोठी भूमिका बहुधा आठवड्यातल्या दुपारच्या प्रयोगात देतात, शाळेच्या सहलींसमोर. तिथे जरूर जा. आज नाही, पण पुढे ती नावारूपाला आली की “मी हिला बुधवारी दुपारी पाहिलीय” हे वाक्य जन्मभर पुरतं. ऐनवेळी दुखापतीमुळे नाव बदललं तर दुखापतीवर विश्वास ठेवू नका. पायाच्या अंगठ्याच्या टोकावर आयुष्य काढणाऱ्या माणसाला दुखापत कशी काय होईल?

‘मायरलिंग’बद्दल थोडक्यात. ऑस्ट्रियाचा युवराज रुडॉल्फ 1889 मध्ये एका कोवळ्या मुलीला गोळी घालून स्वतः मरतो, त्यावर मॅकमिलनने 1978 मध्ये रचलेला बॅले. युवराजाला बायको आहे, आई आहे, जुनी मैत्रीण आहे, गुत्त्यातली मैत्रीण आहे आणि मरायला तयार असलेली मैत्रीण आहे, आणि सगळ्यांचे झगे एकसारखे. कोण कुठली हे शेजाऱ्याला विचारायचं नाही. त्यालाही माहीत नसतं. बॅलेत सासू दाखवता येत नाही, असं नृत्यरचनाकार बॅलन्शीन म्हणायचा. मराठी मालिकांवर बॅले का निघाले नाहीत ते यावरून कळतं.

आता खास आपल्या लोकांसाठी. ‘ला बायादेर’, म्हणजे ‘देवळातली नर्तकी’, यादीत आला की लंडनमधल्या मराठी माणसाला आपोआप बढती मिळते. मध्यंतरात मोत्यांची माळ घातलेल्या एखाद्या बाई वाकून विचारतात की तुमच्याकडच्या देवळांत असंच असतं का. गंभीर चेहऱ्याने “साधारण” म्हणा. कथा गोवळकोंड्याची आहे. शिवाजी महाराज 1677 साली ज्या कुतुबशहाला भेटायला गेले त्याचं राज्य; पण बरोब्बर दोनशे वर्षांनी, 1877 मध्ये, पेतिपाने पीटर्सबर्गला ते रंगमंचावर आणलं तेव्हा तिथे दुगमंता नावाचा राजा बसला होता. शेजारी एक मुख्य ब्राह्मण, जो देवळातल्या निकिया या नर्तकीवर लट्टू आहे. फकीर आगीवरून उड्या मारतात. सोलोर नावाचा योद्धा, निकियाचा प्रियकर, वाघ मारतो आणि तो वाघ, म्हणजे भुसा भरलेला, पालखीसारखा मिरवत आणतात. मिंकुसचं संगीत व्हिएन्नाहून थेट आल्यासारखं, गोवळकोंड्याच्या वाटेत कुठे थांबलेलं नाही. सोन्याने रंगवलेली एक मूर्ती उड्या मारत नाचते, ती तर 1948 मध्ये लेनिनग्राडला घातलेली भर. आणि फुलांच्या परडीतून साप, तो निकियाला चावतो.

यावर संतापायचं की हसायचं, हे शेजारी कोण बसलंय त्यावर ठरवा. संतापायचं असेल तर दारूगोळा चांगला आहे. 1838 साली पुदुच्चेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या खऱ्याखुऱ्या देवदासी पॅरिसला आणि लंडनला येऊन नाचल्या होत्या. त्यांतली अम्मनी फार गाजली. थेओफिल गोतिए या फ्रेंच लेखकाने तिच्यावर भारावून लिहिलं. तोच गोतिए तीन वर्षांनी ‘जिझेल’ची कथा रचणाऱ्यांत होता आणि 1858 मध्ये त्याने आपल्या शकुंतलेवर पॅरिससाठी बॅलेचं कथानकही लिहिलं. म्हणजे युरोपने अस्सल नाच डोळ्यांनी पाहिला होता, वाहवाही केली होती. टिकला तो मात्र पीटर्सबर्गचा नकली. हे सांगून झालं की समोरचा वरमतो, आणि तेवढ्यात दुसरा अंक सुरू व्हायची घंटा होते.

इथे माझ्याकडे सल्ला नाही. सोलोर अफू ओढतो आणि त्याला मेलेल्या निकियाच्या छाया दिसतात. काळोखात उतरणीवर एक मुलगी येते, पांढऱ्या टुटूमध्ये, म्हणजे बॅलेच्या आखूड झग्यात. एक पाय मागे उचलून पुढे झुकते, सरळ होऊन मागे रेलते, दोन पावलं टाकते. तिच्या मागून दुसरी, तेच करत. मग तिसरी. रॉयल बॅले 1989 पासून नाचते त्या माकारोव्हा या रशियन नर्तकीने बसवलेल्या आवृत्तीत अशा 24. उतरणीवर तोल सांभाळत, एकीने दुसरीकडे न बघता. शेवटची खाली येईपर्यंत पहिलीला तेच झुकणं, तेच रेलणं करत राहावं लागतं, आणि सगळ्यांत जास्त वेळा ते करणारी ती असूनही मोठ्या अक्षरांत नाव निकियाचं असतं. वाघ, फकीर, साप सगळं विसरायला होतं. तक्रार शोधून पाहा. मला तरी मिळालेली नाही. फक्त एक करा. महागाचं खालचं तिकीट काढू नका, सगळ्यांत वरच्या बाल्कनीत बसा. खालून पहिली रांगच दिसते, वरून रांगांच्या रांगा. खालचे लोक ही गोष्ट कबूल करत नाहीत, कारण त्यांनी पैसे भरलेले असतात.

बाहेर पडताना चेहरा पुन्हा पडलेला हवा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

राहिला ‘नटक्रॅकर’. त्याबद्दल दर्दी माणूस बोलतच नाही, “तो पोराटोरांचा” म्हणून हात झटकतो. इंग्लिश नॅशनल बॅले 1950 मध्ये निघाल्यापासून जवळपास दर हिवाळ्यात तो करत आली आहे, आणि अमेरिकेत तर छोट्या-मोठ्या कंपन्या वर्षाची मोठी कमाई त्या डिसेंबरवर करतात. तेव्हा तुमच्या लाडक्या तीन तुकड्यांच्या प्रयोगाचा तोटा तो पोराटोरांचा बॅले भरून काढतो, हे मनात आलं तरी बोलू नका. पण नेमकी नाताळात पुण्याहून आत्या येतात, “तुमचा तो बॅले दाखवा की” म्हणतात, आणि डिसेंबरात दुसरं काहीच लागलेलं नसतं. न्या त्यांना. साखरपरीचा नाच सुरू झाला की कानात सांगा की हे किणकिण वाजतंय ते सेलेस्टा नावाचं वाद्य, चायकोव्स्कीने पॅरिसहून गुपचूप मागवलं होतं, दुसरा संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह याला आधी सुगावा लागू नये म्हणून. आत्या मान डोलावतील. मग पडदा पडल्यावर कोटाची बटणं लावता लावता विचारतील, “अरे पण जिची गोष्ट ती पोरगी सिंहासनावर बसूनच राहिली. आणि ती परी कोण कुठली, शेवटी येऊन भाव खाऊन गेली?”

1892 च्या डिसेंबरात पीटर्सबर्गच्या टीकाकारांनी नेमकी हीच तक्रार केली होती. आत्यांना ती मध्यंतर धरून दोन तासांत सापडली. यावर खोल काही बोलायला जाऊ नका. पुढच्या नाताळची तिकिटं आत्ताच काढून ठेवू का, असं त्या विचारतील, तेव्हा एवढंच सांगा की सदस्यांना आधी मिळतात, आणि तुम्ही सदस्य आहात.