एका रात्रीत उंदीर गायब? त्या फॉरवर्डमधला एकेक दावा

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता येतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. "उंदरांना न मारता, पिंजऱ्याशिवाय, एका रात्रीत कायमचं पळवा! पुदिन्याचं तेल, कापूर किंवा डांबरगोळ्या कोपऱ्यात ठेवा, वासाने उंदीर घर सोडतील. मैद्यात खाण्याचा सोडा कालवून ठेवा, गॅसने पोट फुटेल. बेसनात तंबाखू मिसळून गोळ्या करा. औषधाचा केक ठेवलात तरी काळजी नको, तो खाऊन उंदीर तहानेने बाहेर जाऊनच मरतो." शेवटी हात जोडलेले. 'न मारता' म्हणून सुरू झालेला मेसेज दोन ओळींत पोट फोडण्यावर येतो, हे पुढे ढकलणाऱ्यांपैकी कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

वासापासून सुरुवात करू, कारण लोकांचा खरा विश्वास त्याच्यावर आहे. "आमच्याकडे लागू पडला" असं सांगणारे खोटं बोलत नसतात. उंदराचं नाक तिखट असतं आणि स्वभाव कमालीचा संशयी. नेहमीच्या वाटेवर काहीही नवीन दिसलं, मग तो कापूर असो, डबा असो की पिंजरा, तो एकदोन रात्री ती जागा टाळतो. म्हणजे दोन दिवस शांतता मिळते ती नवलाईमुळे. पुढे तेल उडून जातं, कापूर हवेत विरतो, उंदराची भीड चेपते आणि तो परत येतो. गटारात, कचराकुंडीशेजारी पिढ्यान्‌पिढ्या काढणारा प्राणी पुदिन्याच्या वासाने भरल्या घरावर पाणी सोडेल, ही कल्पनाच मजेशीर आहे.

डांबरगोळ्यांबाबत मात्र मजा नाही. त्या बऱ्याचदा नॅफ्थलीनच्या असतात. रांगतं मूल त्या पांढऱ्या गोळ्या खडीसाखर समजून तोंडात घालू शकतं. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये नॅफ्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ओट्याखाली, धान्याच्या डब्यांमागे त्या ठेवायच्याच नाहीत.

सोड्याच्या दाव्यात अर्धं सत्य आहे, म्हणून तो टिकून आहे. उंदराला उलटी करता येत नाही, हे खरंच. पण म्हणून चिमूटभर सोड्याच्या गॅसने पोट फुटतं असं होत नाही. गॅसला जायला दुसरी वाट असते. शिवाय अनोळखी पदार्थ उंदीर आधी कणभर चाखतो, ताट भरून जेवत नाही. मैद्यात प्लास्टर ऑफ पॅरिस घालायचा सल्लाही त्याच माळेतला. तंबाखूच्या गोळ्यांनी उंदीर जाण्याची शक्यता कमी, पण बेसनाची गोळी दिसल्यावर घरातलं मूल किंवा कुत्रा ती उचलण्याची शक्यता बरीच, आणि निकोटीन हे विष आहे.

आता केक. हा भाग मेसेजमध्ये एका ओळीत येतो. घरात मात्र त्याचे परिणाम दोन आठवडे दरवळतात. दुकानदारही छातीठोकपणे सांगतात, "बाहेर जाऊन मरतो, वास येत नाही." बाजारात मिळणाऱ्या बहुतेक केकमध्ये ब्रोमॅडिओलोनसारखं औषध असतं. ते रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतं. उंदीर लगेच मरत नाही, साधारण तीन ते सात दिवस लागतात. हा उशीर मुद्दामच ठेवलेला आहे, म्हणजे खाणं आणि मरणं यांचा संबंध बाकीच्या उंदरांना कळत नाही. या सगळ्यात घराबाहेर हाकलणारी तहान कुठेच येत नाही. अशक्त झालेला उंदीर आपल्या नेहमीच्या आडोशाला जाऊन पडतो. तो आडोसा बाहेरच्या बिळात असेल तर तुमचं नशीब. माळ्यावर, फॉल्स सीलिंगमध्ये किंवा ट्रॉलीच्या मागे असेल, तर सुताराला बोलवायची तयारी ठेवा. असा उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्याही अंगात जातं.

तरीही केक निषिद्ध नाही. इमारतीच्या बाहेरच्या बाजूला, बंद पेटीत, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही असा ठेवला तर तो काम करतो. मुलाने चुकून खाल्लाच, तर घरचे उपाय करत बसू नका, उलटी काढू नका. वेष्टन सोबत घेऊन सरळ रुग्णालयात जा. या गटातल्या विषावर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे, पण नेमकं काय खाल्लं ते डॉक्टरांना कळायला हवं. पिवळ्या फॉस्फरसची ट्यूबमधली पेस्ट मात्र घरात आणूच नका. तिच्यावर उतारा नाही. खाल्लेला माणूस एकदोन दिवस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी व्हायला लागतं. काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाईड, पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू तयार करते. तीही घरात वापरायची वस्तू नव्हे. शिवाय थोडंसं खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही.

मेसेजच्या काही आवृत्त्यांत प्लगला लावायच्या यंत्राची जाहिरात जोडलेली असते: "अल्ट्रासाउंडने उंदीर पळतात." अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली असली यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना, दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, असा इशारा दिला होता. तो आवाज भिंतीपलीकडे, कपाटामागे पोहोचत नाही, आणि जिथे पोहोचतो तिथे उंदराला त्याची सवय होते. "मांजर पाळा" हा सल्ला त्यापेक्षा बरा वाटतो. पण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका कचरा-पुनर्वापर केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिलं (निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले), तेव्हा मांजरांनी मारलेले उंदीर निघाले दोन. बाकीचे मांजर दिसलं की दडून बसत, एवढंच. लहान चुळबुळ्या उंदरी, म्हणजे छोट्या जातीचे उंदीर, मांजर धरतं. मोठा गटारी उंदीर समोर आला की बरीच मांजरं दुसरीकडे बघतात.

आणि 'कायमचं'. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदरांचा हिशेब काढला होता, आठवत असेल. सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा तो आकडा ऐकून महाराष्ट्र हसला. मग सरकारकडून खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नसून उंदीर मारायच्या गोळ्यांचा. पण समजा, उंदीर खरोखरच तितके मेले असते, तरी काय? मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा ते बारा पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वेतायला तयार. खाणं आणि वाट शिल्लक असेल तर रिकामी झालेली जागा शेजारचे उंदीर भरून काढतात. मेसेजची खरी चूक हीच: सगळं लक्ष उंदरावर, भोकाकडे कोणीच बघत नाही.

भोक शोधण्याआधी पाहुणा कोण ते ओळखावं लागतं, आणि त्यासाठी लेंड्या बघाव्या लागतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान, टोकदार असतील तर छोटी उंदरी. सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, दोन्ही टोकांना निमुळत्या असतील तर काळा उंदीर. हा चढणारा, तो माळ्यावर, केबलवर, खिडकीशेजारच्या झाडावर शोधायचा. पावणेदोन-दोन सेंटिमीटर, बोथट टोकांच्या असतील तर तपकिरी गटारी उंदीर. हा खालून येतो, मोरीतून, ड्रेनेजमधून. अंगणात मातीचे ढीग आणि रुंद बिळं दिसली तर घूस. भिंतीच्या कडेला तेलकट काळपट पट्टा दिसला, तर ती त्यांची रोजची वाट; अंगाचा मळ घासून तो उमटतो. लेंड्या ओलसर, चकचकीत असतील तर ताज्या. सुकून राखाडी पडल्या असतील तर जुन्या. आणि चिरचिर आवाज करत, लांब सोंड हलवत, कस्तुरीसारखा उग्र वास सोडत भिंतीकडेने जाणारी ती चिचुंद्री; ती उंदीर नाही, झुरळं आणि किडे खाते. तिच्यासाठी केक ठेवणं म्हणजे स्वतःच्या कीटकनाशकावरच विष घालणं.

मग भोकं. उंदरीला सहा मिलिमीटरची फट पुरते, उंदराला साधारण बारा. सिंकखालचा पाइप भिंतीत शिरतो तिथली फट, एसीच्या पाइपाचं भोक, ट्रॉलीमागची न लिंपलेली भिंत, एक्झॉस्टची तुटलेली जाळी, मोरीची निघालेली जाळी, दाराखालची फट. फोम, कापड, लाकूड भरू नका, ते कुरतडतात. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने कुरतडणं ही त्यांची गरजच असते. तारेची घासणी दाबून बसवावी आणि वरून सिमेंट. दाराला खाली पत्र्याची पट्टी. दाणे, धान्य, कुत्र्याचं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि ओला कचरा रात्री घरात नाही. माळ्यावरची जुनी पुठ्ठ्याची खोकी काढल्याशिवाय यातलं काहीच पुरेसं ठरत नाही, हे ज्यांच्या घरात माळा आहे त्यांना कळेल. तिथेच घरटं असतं.

आत अडकलेल्यांसाठी पिंजरा किंवा स्प्रिंगचा सापळा. तो भिंतीला लागून, वाटेवरच ठेवायचा. खोलीच्या मधोमध नाही. भाजलेलं खोबरं, सुकट, तेल लावलेला भाकरीचा तुकडा यातलं काहीही चालतं. दोन-तीन रात्री सापळा न लावता नुसतं आमिष ठेवावं, म्हणजे वर सांगितलेला संशय जातो. एकापेक्षा जास्त सापळे लावा. चिकट पॅड टाळा: जिवंत उंदीर तासन्‌तास तडफडतो, सरडे-पाखरंही चिकटतात, आणि भारतीय पशु कल्याण मंडळाने त्याविरुद्ध राज्यांना सूचना दिल्या आहेत.

लेंड्या साफ करताना कोरडा झाडू मारू नका. हातमोजे घालून ब्लीचच्या पाण्याने भिजवा, पाच मिनिटांनी पुसून घ्या. उंदराच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो, आणि २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईने त्याची साथ पाहिली आहे. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून जाणं टाळावं. गेलात आणि पुढे ताप आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. औषध न ठेवताच आवारात भराभर मेलेले उंदीर दिसायला लागले, तर खूश न होता पालिकेच्या आरोग्य खात्याला कळवा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा माणसांआधी उंदीरच पडत होते.

सगळं लिंपून झालं की रात्री ओट्याखाली आणि मोरीच्या तोंडाशी टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. सकाळी पावलं दिसली तर कुठून आली ते त्यावरच कळतं, तेवढी फट पुन्हा बुजवायची. सलग आठवडाभर पावडर कोरी राहिली की पिंजरा धुऊन ठेवून द्यायला हरकत नाही.