स्वस्त घराचा हिशेब
सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर या भागातील घरभाडे परवडत नाही असे म्हटले की जो तो ‘मग हद्दीबाहेर बघा’ असा सल्ला देऊन मोकळा होतो, याचा आता मनस्वी वैताग आला आहे. माझी नोकरी पुणे महामार्गावरील चिंचोळी एमआयडीसीत आणि दाखवली जाणारी घरे अक्कलकोट रस्त्याच्या टोकाला, म्हणजे रोज अख्खे शहर ओलांडायचे. भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोल, मुलांची शाळेची रिक्षा आणि पाण्याचा टँकर यांतच जातात, कारण उजनीचे पाणी शहरातच काही दिवसांआड येते, तर तिथे नळजोडणीचाही पत्ता नसतो. पावसाळ्यात तिथली काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च बसते की काडीने उकरून काढल्याशिवाय गाडी हलत नाही. ‘सात रस्ता चौकापासून दहा मिनिटे’ अशी जाहिरात छापणाऱ्यांनी हे अंतर सकाळच्या गर्दीत, मागे मूल बसवून, स्वतः कापावे.